पावणं मुक्कामाला का ऱ्हाईनात

धुकं असं दाट होतं की गोठ्याच्या दारातून समोरचा उकिरडा दिसत नव्हता. ऊस तोडून नेलेल्या रानाकडून गार वारं येत होतं आणि बिद्रीच्या कारखान्याचा भोंगा कानाशी वाजल्यागत ऐकू येत होता. शालूबाईनं शेण भरलं, राधीच्या कासेवर कोमट पाण्याचा हात फिरवला आणि चरवी गुडघ्यांत धरून ती धारेला बसली. रोज धारेच्या नादात तिचं डोकं मोकळं व्हायचं. आज होईना. उद्या दुपारी जनावरांचा व्यापारी यायचा होता. राधी आणि मोरणी, दोन्ही म्हशी बघायला.

ह्याला कारण पर्यटन. माळवाडीतल्या बायकांच्या बचत गटानं वर्षापूर्वी मनावर घेतलं होतं, की शहरातली माणसं गावात आणायची. त्यांनी रान बघावं, गुऱ्हाळावरचा गरम गूळ खावा, चुलीवरचं जेवावं आणि रात्री राहावं. मुक्कामाची खोली शालूबाईच्या सोप्याशेजारची. पावणे येत होते, जेवत होते, फोटो काढत होते; मुक्काम तेवढा करत नव्हते. दोन दिवसांचं ठरवून आलेली माणसं ऊन कलायच्या आत बॅगा उचलायची. कुणाच्या सासूला चक्कर यायची, कुणाचा चुलता दवाखान्यात असायचा.

"आपल्या गावात पाय ठेवला की ह्यांचं कोण ना कोण आजारी पडतंय," शेजारची बयाबाई म्हणायची. "पर्यटन ऱ्हाऊ दे, दवाखाना काढूया. त्यो तरी चालंल."

शेवटी गटानं ठरवलं, पावण्यांनाच विचारायचं. का आलासा, काय आवडलं, काय खटकलं. काम शालूबाईवर आलं. ती विचारायची. ताटात भाकरी वाढता वाढता विचारायची, आणि पावणा तोंडातला घास गिळून म्हणायचा, "एक नंबर हो मावशी! काहीच खटकलं नाही." तासाभरात त्याची गाडी चालू.

पाटीलकीच्या घरातला तिचा नवरा, हंबीरराव, ह्यानं आपल्यापुरता निकाल लावून टाकला होता. "गोठा खोलीला चिकटून हाय. शेणामुताचा वास शहरातल्या माणसाला सोसतोय व्हय? म्हसरं काढायची आणि तितं फरशीची खोली बांधायची. करायचं तर नीट करायचं." गटातल्या बायकांना ह्या कामात शालूबाईनंच ओढलं होतं. तुझ्या म्हशींपायी आमचं बुडालं, असं उद्या कुणी म्हटलं तर कुठल्या तोंडानं बोलायचं? पण राधी रेडकू असताना तिची आई मेलेली. बोटं चोखायला देऊन दूध पाजून शालूबाईनं ती वाढवलेली. हे सभेत सांगायचं कारण नव्हतं.

धुकं विरलं तसे त्या दिवशीचे पावणे आले. इचलकरंजीचा काशिफ आणि त्याची बायको इरम. काशिफ मागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. खोलीत शिरल्या शिरल्या तो खाटेवर आडवा झाला, डोळे मिटले आणि म्हणाला, "मावशी, इथं कायच वाजत न्हाई की!"

एवढ्यात दारात बयाबाई उभी. "पावणं, चला, आमच्यात चा घिऊन या."

गेले ते. दुपारी परत आले तेव्हा दोघांची तोंडं उतरलेली. गोठ्यापुढून येताना इरमनं ओढणी नाकातोंडाला दाबून धरली, ते शालूबाईनं चुलीपाशी बसून बघितलं. ताटात वाढलेलं दोघांनी चिवडलं. मग काशिफ मान खाली घालून म्हणाला, "मावशी, निघावं म्हणतोय. अम्मीची तब्येत जरा..."

झालं. आता विचारायला तरी काय उरलं होतं? म्हशींची पेंड संपली होती, ती आणायला बिद्रीला जायचंच होतं. "पावणं, मला बिद्रीपतूर सोडतासा?" म्हणत तिनं रिकामं पोतं काखोटीला मारलं आणि गाडीत मागं बसली.

"मावशी, नीट बसलासा न्हवं? वारं लागतंय काय? काच वर घिऊ?" इरमनं पाण्याची बाटली पुढं केली, मग बिस्किटाचा पुडा. गाडीनं गावाची कमान ओलांडली आणि काशिफनं असा दीर्घ श्वास सोडला की शालूबाई चमकली. घरात ताठ बसलेला हा पोरगा आता सैलावून बसला होता. आणि आपण अंग चोरून बसलोय, विचारलं की 'बरं हाय, बरं हाय' म्हणतोय. पावणा कोण आणि घरधनी कोण?

तिनं बिस्कीट हातातच ठेवलं. "पावणं, आता तुमी माझ्या घरात न्हाईसा. मी तुमच्या गाडीत हाय. आता माझं मन राखायचं कारण न्हाई. अम्मीला काय झालेलं न्हाई, व्हय का न्हाई?"

काशिफचे कान लाल झाले.

"गोठ्याचा वास आला न्हवं?"

"वास?" इरम आख्खी मागं वळली. "मावशी, आमचं घर सायझिंगच्या कारखान्यामागं हाय. सुताला लावायच्या खळीचा वास नाकात घिऊनच मोठं झालोय आमी. म्हशीचं काय घिऊन बसलासा!"

"मग नाकाला ओढणी कशाला दाबली?"

"उलटी व्हईल म्हणून!"

"चा, मावशी," काशिफ म्हणाला. "चा."

मग त्याचा बांधच फुटला. "पहिल्या घरात गुळाचा. दुसऱ्यात साखरंचा, वर पोहं. तिसऱ्या घरात न्हाई म्हणलो, तर आजी म्हणली, तिच्यात पिलासा आणि आमच्यात का न्हाई? आमचं काय चुकलं? मग पुढं कुणाला न्हाई म्हणायची सोयच ऱ्हाईली न्हाई. मी रात्रंदिवस मागांच्या खडखडाटात असतोय. एक दिवस गप पडून ऱ्हायला आलतो. पाठ टेकली की दारात कोण तरी, पावणं चला!"

एका घरचा पावणा म्हणजे गल्लीचा पावणा. जे घर त्याला चहाला बोलवत नाही ते कंजूष, आणि ज्या दारावरून तो न पिता जातो त्या घराचा अपमान. हे शालूबाईला श्वास घेण्याइतकं साधं वाटत आलं होतं. पावण्याच्या पोटाचा हिशोब कुणी केलाच नव्हता.

"म्हंजे म्हशी न्हवं?" तिनं परत विचारलं.

"म्हशींचाच काय तो आराम," काशिफ म्हणाला. "त्या चा घ्या म्हणत न्हवत्या."

शालूबाईला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं पदरानं पुसलं आणि हातातलं बिस्कीट चवीनं खाल्लं. बिद्रीला उतरताना काशिफ म्हणाला, "शुक्रवारी माग बंद असत्यात. येतो परत. पण मावशी..."

"आतनं कडी घालून झोपा. दारात कोण आलं तर मी बघतो," शालूबाई म्हणाली.

पेंडीचं पोतं घेऊन ती माणसं भरून धावणाऱ्या वडापच्या जीपनं परतली आणि थेट बयाबाईच्या अंगणात गेली. गटातल्या बायका तिथं शेंगा फोडत बसल्या होत्या. तिनं सगळं सांगितलं.

"चा पाजला म्हंजे गुन्हा केला व्हय?" बयाबाई उसळली. "आं? माझ्या माहेरात बिनचाचा पावणा गेला तर म्हातारा जेवत न्हवता!"

कोपऱ्यातली रोशनबी हळूच म्हणाली, "मी तर त्येंना दोनदा पाजला. एकदा घरात, एकदा गुऱ्हाळावर."

अशी हसाहस झाली की सुपातल्या शेंगा टरफलांत सांडल्या. मग ठरलं. एका पावण्याला एकच घर, घरांची पाळी लावायची.

"आणि रस्त्यात भेटलं, तर नुसतं 'चला चा घ्याला' म्हणायचं का न्हाई?" बयाबाईनं विचारलं.

"म्हणा की. वढून न्ह्यायचं न्हाई."

"वढायचं न्हाई तर म्हणायचं कशाला?" ती पुटपुटली, पण शेंगा परत सुपात गोळा करायला लागली.

हंबीरराव गोठ्यात मोरणीची पाठ खाजवत उभा होता. शालूबाईनं सांगितलं ते त्यानं तिच्याकडं न बघता ऐकलं. मग खिशातून फोन काढला. "हालो, उद्या येऊ नगासा. न्हाई, दराचं न्हाई. आमची बायकू ऐकंना."

"मी कवा काय म्हणलो?" शालूबाई म्हणाली.

"मग मला बी इकायची न्हवती, असं मी म्हणू व्हय? पाटीलकीचा मान काय ऱ्हाईल माझा?" फोन खिशात घालून, टोपी नीट करत तो घाईघाईनं बाहेर सटकला.

शालूबाईनं पदर खोचला. उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, वाड्यांचा भारा दारात पडला होता. तिनं त्याची गाठ सोडली, विळा हातात घेतला आणि वाडं तोडून तोडून दोघींच्या पुढ्यात टाकायला लागली.