आत्याच्या नावानं सोडलेला सांड

आर्वीच्या एसटी स्टँडवर मी 'गवळाऊ वाचवा'ची पत्रकं वाटत होतो. गावाकडचा एक ओळखीचा माणूस बसमधून उतरला, म्हणाला, "तुही आत्या गेली गा, सकाळीच." हातातलं पत्रक तिच्याच गोठ्यात बसून लिहिलेलं होतं...

गवळाऊ म्हणजे आमच्या टेकड्यांवरची पांढरी, सडपातळ गाय. गाय म्हणून जात एकच; पण ही पिढ्यान्‌पिढ्या इथलं ऊन सोसून, इथलंच वाळकं गवत खाऊन घडली. वैशाखात ती चरून परत येते, तेव्हा संकरित गाय सावलीत जीभ काढून उभी असते. नव्वदच्या दशकात दुधाच्या बादल्या दाखवत गावोगाव विदेशी वीर्य आलं आणि गावचे सांड निकामी ठरवून खच्ची केले. गाईवाल्यांना विचारलं कुणी? आत्यानं तेवढा आपल्या दावणीचा वंश राखला.

मी पत्रक वाचून दाखवलं की ती हसायची. "एवढं लिहून राह्यला तू, ढोरं वाचते काय?" शेजारची जर्सी धापा टाकायला लागली की मात्र स्वतः घागर घेऊन जायची. मी चिडायचो, तर म्हणायची, "तिचा काय दोष बाप्पा? थंड्या मुलखातली हाय. तिले इथं आणलं कोनं?"

मेलेल्याच्या नावानं सांड सोडायची आमच्याकडे रीत. तो कुणाच्या मालकीचा नसतो, त्याला जुंपत नाहीत, गावच्या गाई त्याच्यापासून गाभण राहतात. धन्या हा तिचा एकुलता एक उरलेला गवळाऊ गोऱ्हा. शेवटच्या भेटीत ती खाटेवरून माझ्यादेखत मुलाला, दादाला, म्हणाली, "माह्या नावानं धन्याच सोडजो. दुसरा नाई." दादानं मान डोलावली.

तेरवीला गेलो, तर अंगणात कुंकू लावलेलं एक संकरित गोऱ्हं. वशिंड नाही, म्हणून जू बसत नाही, म्हणून कुणाला नको असलेलं. धन्या कुठाय?

"खच्ची करून बैल केला त्याले. चालाले चांगला हाय," दादा म्हणाला. "सांड सोडाचा होता, सोडला ना? काऊन डोकं खातं?"

पंगतीत मग तिच्या गोप्रेमाचं कौतुक झालं. बुंदीसोबत. धन्याचा वंश संपला, हे त्या पंगतीत एकालाही टोचलं नाही.

तिच्या दारात जनावरांच्या पाण्याची दगडी डोणी आहे, आत्या ती रोज भरायची. परवा गेलो, तर डोणी कोरडी आणि तिच्यापाशी ते गोऱ्हं, बरगड्या हलवत, धापा टाकत. मला त्याचा राग होता. खूप होता... घागर तिच्या जागेवरच होती. उचलली.