दोन झेंड्यांचा टेम्पो

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आज लिहून मोकळा होतो. निपाणीच्या शाळेत शिकवायला मी ज्याच्या टेम्पोतून जायचो, तो कोल्हापुरातून निघताना भगवा लावी आणि सीमा ओलांडली की कर्नाटकचा लाल-पिवळा. म्हणायचा, "ह्यो महाराजांचा, त्यो हळद-कुंकवाचा. दोन्ही देव्हाऱ्यातलंच रंग हायत की, गुरुजी!"

सीमावाद पेटला तेव्हा चहाच्या गाड्यावर मीच हसत बोललो, की ह्याच्या सीटखाली कानडी झेंडा असतो. संध्याकाळी जमावानं टेम्पोची काच फोडली. त्याला खरचटलंही नाही हे कळलं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

सकाळी बिनकाचेचा टेम्पो थांबवून तो म्हणाला, "बसा की गुरुजी, वारं फुकट हाय!" निपाणीपर्यंत 'माझं चुकलं' एवढंच ओठांवर घोळवत राहिलो. उतरताना म्हणालो, "येतो."