वजा केलेली वीज

चांगली चौदा वर्षं एकाच अंधूक ताऱ्याचा उजेड मोजणारी ही बाई चाळिशीत एकदम वीजबचतीच्या कचेरीत कामाला लागली. का, तर म्हणे तारा माझ्यावाचूनही जळत राहील, इथलं मात्र कुणीतरी बघायला हवं. आईने कपाळावर हात मारून घेतला. आकाशातून पडली आणि मीटरवर अडकली, असं धाकट्या भावाने सगळ्या नातेवाइकांत पसरवलं. आता असल्या घरी हात हलवत परत जायचं म्हणजे शोभाच की! आणि कचेरीच्या साहेबांनी तर बोलीवरच घेतलेलं: महिन्याभरात एका रुग्णालयाची वीज दहा टक्के उतरवून दाखवा, नाहीतर नमस्कार.

बाईने तीन आठवडे मीटर वाचले, आलेख काढला. कपडे धुण्याची यंत्रं, लिफ्ट, स्वयंपाकघर, सगळ्यांचे चढउतार तपासले. कुठे म्हणून खोट नाही. मुदतीला दोन दिवस उरले तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं.

रुग्णालयाचे वायरमनकाका चहा घेऊन आले आणि आलेखाकडे बघतच राहिले. रात्रंदिवस सारखीच लागणारी तळाची वीज यात कुठे गेली, त्यांनी विचारलं. तिने समजावलं, की जे सदा सारखंच असतं ते आधी वजा करायचं. आकाशाचा उजेड वजा केल्याशिवाय तारा हाती लागत नाही.

"ते खरं हो," काका म्हणाले, "पण बिल त्याचंही येतं की."

बाई गारच पडली. सवय मेली हाडीमाशी खिळलेली! वजा केलेलं आलेखात परत मिळवलं, तर तळाची वीज भलतीच जास्त निघाली; ती कोण खातंय ते शोधत दोघं तळघरात उतरली. दोन मोठे पंप तिथे खुशाल फिरत होते, आठ वर्षांपूर्वी बंद झालेल्या इमारतीला गरम पाणी पाठवत. काकांचा चेहरा पडला. दर महिन्याला तेल घालून त्यांनीच ते ठणठणीत ठेवले होते.

पंप बंद केले, वीज बारा टक्के उतरली. मुख्य डॉक्टरांच्या खोलीत साहेबांनी विचारलं, हे कुणाच्या लक्षात आलं? बाईने खरं ते सांगून टाकलं: काकांच्या, मी तर ती वीज आधीच फेकून दिली होती. मग तुम्हाला ठेवायचं कशाला, असं साहेब म्हणाले.

काका पुढे झाले. मुख्य डॉक्टरांकडे बघायचं त्यांनी टाळलं.

"साहेब, आठ वर्षं मी त्या पंपांना तेल घालतोय. यांनी कागदावर काढलं, तेव्हा कुठे मला दिसलं."