सांबाराची सुधारित आवृत्ती

घरात शांतता नांदावी म्हणून मी आरएसएस फीड सुरू केली. शांतता आली, फक्त ती कुणी कुणाशी बोलत नव्हतं म्हणून आली.

कारण आमचे अण्णा. आई गेल्यावर ते नाशिकहून आमच्याकडे चेन्नईला, अड्यारला राहायला आले. माझी थोरली बहीण शालूताई नाशिकलाच असते आणि ब्लॉगवर प्रवासाविषयी लिहिते. मी ऑफिसातून घामाघूम होऊन आलो, की बूट काढायच्या आत अण्णा विचारायचे, "शालूचं काही नवीन आलं का रे? बघ जरा."

रोज बघून बघून थकलो, तेव्हा त्यांच्या टॅबलेटवर एक ॲप टाकून दिलं. "अण्णा, ही आरएसएस फीड. ताईने काही लिहिलं की आपोआप इथे येऊन पडेल. मला विचारायला नको." (नावावरून जो गैरसमज व्हायचा तो झालाच. तो निस्तरण्यात एक संध्याकाळ गेली.)

मग ताई आमच्याकडे राहून गेली. ती परतल्यावरच्या रविवारी शेजारचे राव आमच्याकडे इडली खायला आले होते. राव तंजावरकडचे मराठी, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. अण्णांनी टॅबलेट उचलला आणि लेकीचा लेख अभिमानाने मोठ्याने वाचायला घेतला.

"'बाळूने आम्हाला समुद्र दाखवायला भर दुपारी नेलं, कारण तेव्हा गर्दी नसते. का नसते, ते वाळूत पाय ठेवल्यावर कळलं.'"

राव खुदकन हसले. बाळू म्हणजे मी, तरी मीही हसलो. माझी बायको सुनीता जरा जास्तच हसली.

"'घरी सांबार होतं. त्याला सांबार म्हणणं हा तमिळनाडूवर अन्याय होईल, आणि आमटी म्हणणं महाराष्ट्रावर.'"

अण्णांना अर्थ लागेपर्यंत वाक्य संपलं होतं. सुनीताने रावांच्या पुढ्यातली सांबाराची वाटी उचलली.

"परवाइल्लै, चालतंय की, मी खातो," राव म्हणाले. पण वाटी आत गेली होती.

मी ताईला फोन लावला. "ताई, असं लिहितात का?"

"अरे, ते चुकून गेलं होतं. मी लगेच काढलं आणि दुसरं गोडसं टाकलं. तुला दिसलंच कसं?"

"फीडमध्ये. तू तिकडे काढलंस तरी इकडे आलेलं राहतं."

"म्हणजे मी पुसलेलं तू जपून ठेवतोस?"

मी समजावत गेलो, आणि जितकं समजावलं तितका जास्त हेर वाटू लागलो. आतून सुनीता म्हणाली, "ताईंना कशाला बोलता? ते ॲप कुणी टाकलं?"

"मी तर नकोच म्हणत होतो," अण्णा म्हणाले. (हे साफ खोटं आहे.)

ताईने भरपाई म्हणून सुनीताच्या स्वयंपाकावर नवा लेख लिहिला. पण ती पडली शाळेतली बाई. दुरुस्त्या केल्याशिवाय राहवत नाही. प्रत्येक दुरुस्तीनंतर ती लेख पुन्हा टाकायची, फीड तो नव्याने आणून द्यायची, आणि अण्णा इमानदारीने वाचून दाखवायचे. आधी सांबार 'वेगळं' होतं. सुनीताने चहाच केला नाही. मग ते 'चविष्ट' झालं. सुनीताने अण्णांना चहा दिला, मला नाही. मग 'अप्रतिम' झालं.

पण तो पुसलेला लेख ताईच्या आणखी काही वाचकांकडेही पोचला होता. ते विचारू लागले, मग ते अन्याय करणारं सांबार कुठलं?

दुसऱ्या दिवशी अण्णांनी वाचलं, "'काहींच्या मनात गोंधळ आहे. ते सांबार बाळूने केलं होतं.'"

सुनीता कित्येक दिवसांनी मोकळेपणी हसली. तिने स्वतःहून ताईला फोन लावला आणि दोघी तासभर बोलत बसल्या.

"अगं, पण मी तर कधी सांबार..." मी म्हणालो.

"अहो, राहू द्या ना," फोनवर हात ठेवून सुनीता म्हणाली. "सगळं जमून आलंय."

मी राहू दिलं. दमलो होतो.

आता नाशिकचे नातेवाईक मला फोन करून आडून आडून सुचवतात, की बाळू, चिंच जरा बेताने घालत जा. मी बरं म्हणतो. सांबारात चिंच असते, हे मला त्यांच्याकडूनच कळलं.