पुसायच्या टेपीत आमचे कारभारी

कुसगावच्या बायांनो, आज कामावर आमचे कारभारी सापडले. वारलेलेच, दुसरे कुटनं आणू?

कंपनीत बॅकअपच्या टेपा मी सांभाळते. आज सॉफ्टवेअरनं दाखवलं, एका जुन्या टेपीची मुदत संपली. साहेब म्हनले, "मावशी, पुसून टाका."

मी म्हनलं, "मढ्याचंबी तोंड बघून मग नेत्यात, साहेब. उघडा तरी."

उघडली, तर कंपनीतल्या दसऱ्याच्या पूजेचा व्हिडिओ. हे हितंच फिटर होते. दोन्ही हातांत पेढे, तोंडात तिसरा! घरी मला सांगायचे, "शुगर हाय, गोड बंद केलंय."

मी लय येळा बघितला. साहेबांनी हळूच विचारलं, "मग, पुसू?"

"आदी नव्या टेपीवर घ्या. वर गेल्यावर भांडायला पुरावा नको?"

तुमच्या चोराचा पुरावा जपलाय का गं?