दोनदा सैल केलेला गाऊन

प्रभामावशी मूळच्या नागपूरच्या. मुलाकडे कॅनडात, ओटावाला येऊन त्यांना सहा वर्षं झाली. त्याच्या बेसमेंटमध्ये बसून त्या इथल्या मराठी बायकांचे ब्लाउज शिवतात. पण मुलाच्या घरात पाहुण्यासारखं राहायचा त्यांना कंटाळा आला होता. त्यांना स्वतःची नोकरी हवी होती.

एका लहानशा संग्रहालयात शिवणकामाची जागा निघाली. मी त्यांची जुनी गिऱ्हाईक, म्हणून मीच अप्लाय करून दिलं आणि दुभाषी म्हणून सोबत गेले. परीक्षा साधी होती. अडीचशे वर्षांपूर्वीचा एक इंग्लिश रेशमी गाऊन पाहून त्याची हुबेहूब नक्कल शिवायची. पाटीवर लिहिलं होतं, ‘नववधूचा गाऊन. लग्नात एकदाच वापरलेला.’ संग्रहालयाला तो गाऊन भेट देणाऱ्या घराण्याची ही लाडकी गोष्ट.

मावशींनी गाऊन आतून पाहिला. बगलेखालच्या शिवणीलगत जुन्या टाक्यांच्या भोकांच्या दोन ओळी होत्या.

“एकदाच कायचा! दोनदा सैल केलाय हा. बाळंतपणं झालीत बाईची. सांग यांना.”

त्या काळी युरोपात शिलाई स्वस्त आणि रेशीम महाग. गाऊन उसवून, सैल करून, नव्या फॅशनचा करून वर्षानुवर्षं घालत. संग्रहालयातल्या बाईंनी हे पुस्तकांत वाचलेलं असणारच, पण जन्मात कधी ब्लाउज उसवलेला नसावा. घराण्याच्या गोष्टीला हात लावला तर नोकरी हातची जाईल, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी ते सांगितलंच नाही.

मग मावशी स्वतःच म्हणाल्या, “मॅडम, टू टाइम्स ओपन केला आहे. नॉट वन डे. मेनी इयर्स.” नक्कलही त्यांनी तशीच शिवली. आधी तंग, मग दोनदा उसवून सैल.

नोकरी दुसऱ्या मुलीला मिळाली. मावशी दोन दिवस धड जेवल्या नाहीत. मला त्यांच्या हट्टाचा राग आला, आणि माझ्या गप्प बसण्याची लाजही वाटली.

काही महिन्यांनी, मार्चमध्ये आम्ही पुन्हा तिथे गेलो. पाटी बदलली होती. मी ती मराठीत वाचून दाखवली, ‘हा गाऊन दोनदा सैल करून अनेक वर्षं वापरला गेला, असे नव्या संशोधनातून दिसते.’

“संशोधन म्हणजे मीच ना गं?”

“हो, मावशी.”

त्यांनी चष्मा सारखा केला, पाटी पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिली.

“मग नाव कुठंय?”