पाटल्या, मांडा आणि जळगावातलं मलेशिया

नवी नवरी असताना मी एक बावळटपणा केला होता. नणंदेच्या सासरची माणसं जेवायला आलेली. मांडे (हातांवर ताणून खापरावर टाकायची मोठी पुरणपोळी) करायला मी पुढे सरसावले, पण सोन्याच्या पाटल्या पाहुण्यांना दिसायला हव्यात ना, म्हणून त्या मागे सारल्याच नाहीत. मांडा पाटलीत अडकून टरकन फाटला आणि पुरण कोपरापर्यंत ओघळलं. तेव्हा मी स्वतःला धुळ्याची महाराणी समजत असे.

हे आठवलं ते परवाच्या जळगावच्या जेवणामुळे.

माझ्या नातीला, मधुराला, क्वालालंपूरला नोकरी लागली आहे. आईबापांनी हो म्हटलं, पण माझ्या होकाराशिवाय ती तिकीट काढेना. आणि माझा आपला एकच धोशा, "तिकडे खाशील काय?"

"चल, दाखवतेच," म्हणाली.

रविवारी सकाळी धुळ्याहून एसटी धरली. पारोळ्याला मी शेंगदाणे घेऊन ठेवले. उपाशी राहायची वेळ आली तर असावेत.

मॉलच्या सरकत्या जिन्यावर मी निऱ्या मुठीत धरून डोळे मिटले. वर पोचल्यावर मागचा माणूस म्हणाला, "मावशी, उघडा आता. जळगावच शे."

हॉटेल छोटंसं, लाल स्टुलांचं. सिंगापूर-मलेशियाचं म्हणवणारं, पण शेवटी जळगावचं. कांदा-लसूण नसलेला जैन लाक्साही मिळत होता. लाक्सा म्हणजे नारळाच्या दुधाच्या रश्शात बुडवलेल्या जाड शेवया. चव बरी, पण जरा मिळमिळीत. मी पिशवीतून ठेच्याची डबी काढली.

"आजी, बाहेरचं चालत नाही इथं."

"मग बघू नकोस," म्हणत मी चमचाभर ठेचा ढवळला. दोन घासांनंतर तिनेही वाटी पुढे केली.

तेवढ्यात काचेपलीकडे आचाऱ्याने मैद्याचा गोळा उचलला. हातांवर झुलवत, आपटत त्याने त्याची ओढणीएवढी पातळ पोळी केली. रोटी चनाई म्हणतात तिला. मी स्टूल सोडून काचेशी गेले. मनगटावरचं घड्याळ त्याने आधीच काढून ठेवलं होतं. माझ्यापेक्षा शहाणा.

"भाऊ, फाटत नाही का हो?"

"फाटते ना, अक्का," तो हसला. "फाटलेली मी खातो. म्हणून तर पोट असं."

एक रोटी मागवून परत आले आणि मधुराला पाटल्यांची गोष्ट सांगितली. ती खूप हसली. मग पोळीचा पदर सोलत हळूच म्हणाली, "आजी, मलाही भीती वाटते. तिकडे नाही जमलं तर? तू हो म्हणत नाहीस, म्हणजे तुलाही वाटतं ना, की मला जमणार नाही?"

तिला जमणार नाही असं माझ्या मनातही आलं नव्हतं. मला धास्ती होती ती तिला जमेल याची. जमलं की ती तिथलीच होणार. जेवणाचं निमित्त करून मी तिचा पदर धरून बसले होते.

परतीच्या एसटीत ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली. शेंगदाणे तसेच उरले होते, ते दोघींनी संपवले. एरंडोल मागे पडल्यावर मी म्हटलं, "तिकीट काढ. आणि ठेच्याची डबी मी भरून देईन, ती नेशील."

तिने डोळे पुसत विचारलं, "मांडा फाटला तेव्हा तुझ्या सासूबाई केवढ्या रागावल्या असतील ना?"

रागावल्या नव्हत्या. पाटलीत अडकलेला तुकडा त्यांनी सोडवून स्वतःच्या तोंडात टाकला आणि पाहुण्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात मला म्हणाल्या, "पयला मांडा फाटसच, बाई. पाटल्या वर सरकाव, नि दुसरा ले."